फळीवरचा नारळ

भिका,

आज रविवार, दिवेलागणीची वेळ, आणि मी आपल्या पायरीवर बसलेलो नाही. घोडपदेवच्या या चाळीत दर रविवारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दोन मास्तर भांडत बसायचे. त्यांतला एक गेल्या महिन्यात गेला. उरलेल्याने एकट्याने तिथे बसून काय करायचं? मागच्या रविवारी बसून पाहिलं. येणारा-जाणारा ‘बरं आहे ना, मास्तर?’ असं विचारून भिंतीला अंग घासत वर जात होता, जसा काही मीच आजारी होतो. म्हणून आज खोलीत बसून लिहितोय. शिवाय आज सकाळी चाळीची सभा झाली, आणि तिथे जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुझी ती जुनी खोड. माझं पारडं जड व्हायला लागलं की तू कान टवकारायचास, ‘नळाला पाणी आलं वाटतं,’ म्हणायचास आणि उठून चालू लागायचास. पाणी आलेलं नसायचंच. या खेपेलाही तू तसाच उठून गेलास. शाळेतून येताना छातीत कळ आली काय, आणि घरी पोचायच्या आत सगळं आटोपलं काय. मला अजून वाटतं की थोड्या वेळाने रिकामी बादली घेऊन परत येशील.

लोक येऊन सांगतात, भिकाजी मास्तर देवमाणूस होता. हे ऐकून तू खवळला असतास. देवाबद्दल तुझं मत ठाम होतं आणि माणसाबद्दलही फारसं बरं नव्हतं. मी त्यांना सांगतो, देवमाणूस वगैरे काही नाही, महाहट्टी होता, तिरकस होता, माझ्या आईच्या घरी बसून तिच्याच सोलकढीला नावं ठेवायचा आणि दुसरी वाटी मागायचा. मग लोक चहा संपवून उठतात. मला मात्र त्याने बरं वाटतं.

आपण एकाच म्युनिसिपालिटीच्या शाळेत, एकाच बाकावर. आपले बापही एकाच गिरणीत. माझे साचेखात्यात, कापड विणायला, आणि तुझे सुताच्या खात्यात, जिथे पगार कमी. साच्यावर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली तुझ्या वडिलांना तिथे उभं राहू देत नसत. हे तू मला पायरीवर सांगितलंस तेव्हा आपल्या दोघांना मिशा फुटल्या होत्या. तोवर मला वाटत होतं की ज्याला जे काम आवडतं तो ते करतो. पुढे तू सातवीची फायनल पास होऊन प्राथमिक शाळेत मास्तर झालास. मी बी.ए. होऊन गिरगावातल्या हायस्कुलात लागलो आणि नाकावर चष्मा चढवून स्वतःला जरा वरचा समजू लागलो. ती ‘वर’ची हवा तू कधी मला नीट लागू दिली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते.

आणि भांडण कशावरून, तर विधान परिषदेवरून. लोक सिनेमावरून भांडतात, क्रिकेटवरून भांडतात, आपण या वरच्या सभागृहावरून भांडलो. सगळी मुंबई संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर होती, तू आणि मीही होतो, आणि मोर्च्यातून परत येताना घोषणा देऊन बसलेल्या घशानेसुद्धा तू मला विचारायचास, ‘राज्य मिळालं रे मिळालं की त्या माळ्याचं काय करायचं, बोल.’

माळा हा तुझा शब्द. चाळीतल्या लोकांना तू समजावून सांगायचास ते मला अजून ऐकू येतं. ‘खाली विधानसभा. तिथे आपण मतं देऊन माणसं पाठवतो. वरती परिषद. तिथे काहींना आमदार पाठवतात, काहींना नगरपालिकावाले, काहींना पदवीधर, काहींना शिक्षक, आणि काहींना राज्यपाल नुसतं नाव सांगून बसवतात. तुम्ही-आम्ही त्यात कुठेच नाही. घरात ज्याचा उपयोग नाही पण जे टाकवत नाही, ते आपण कुठे ठेवतो? माळ्यावर!’ लोक हसायचे. मी म्हणायचो, ‘माळ्यावरचंच सामान गणपतीत लागतं, भिका.’ तेव्हाही हसायचे. आपल्या चाळीला दोन्ही बाजूंना हसता येतं, हा तिचा मोठाच गुण.

पण त्या दिवशी ठाकूरद्वारला तू हसला नव्हतास. पदवीधरांचं मतदान होतं. मला एकट्याने जायचा कंटाळा आला म्हणून तुला सोबत ओढलं. रांगेत सगळे इस्त्रीचे कपडे, दोन-चार वकील, माझ्या शाळेचे हेडमास्तर. तू बाहेर उसाच्या रसाच्या दुकानापाशी उभा राहिलास. मी मत देऊन आलो तर तू शांतपणे विचारलंस, ‘दत्ता, विधानसभेला तुझं एक मत. पदवीधर म्हणून दुसरं. हायस्कुलातला शिक्षक म्हणून तिसरं. बरोबर?’

‘बरोबर.’

‘आणि माझं एकच. मी शिक्षक नाही?’

मी तुला नियम सांगितला. माध्यमिकच्या खालच्या शिक्षकांना त्या मतदारसंघात मत नाही, घटनेतच तसं आहे. अगदी हेडमास्तरी आवाजात सांगितला. तू रसाचा ग्लास खाली ठेवलास.

‘तुझ्या हायस्कुलात जे पोरगं येतं, ते माझ्या हाताखालून गेल्याशिवाय येतं काय रे? त्याला ‘ग’ काढायला कुणी शिकवलं? तू त्याला काय, गवताची कविता शिकवतोस. तुला तीन मतं आणि मला एक!’

हे तुझं खरं होतं, आजही आहे. मी म्हटलं, हा दोष दुरुस्त करता येईल, तुम्हालाही मत देता येईल, त्यासाठी परिषदच मोडायला कशाला हवी? तू म्हणालास, ‘बघ, तू लगेच सुतार बोलवायला निघालास. मी विचारतोय, माळा हवा कशाला?’ घोडपदेव येईपर्यंत आपण दोघं एकमेकांशी बोललो नाही. भायखळ्याच्या पुलावर तू मला तुझ्या पुडीतले चणे दिलेस. तो तुझा तह होता.

माझी बाजू मी इतक्या वेळा मांडली की ती तुला पाठ होती. खालच्या सभागृहात हातांची गर्दी असते. गर्दी तापली की काय करील याचा नेम नाही. कुणीतरी हवं, जे म्हणेल की जरा थांबा, पुन्हा एकदा वाचू. काही माणसं शहाणी असतात पण निवडून येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी एखादी जागा हवी. आणि मग मी माझा हुकमी पत्ता टाकायचो, ‘तुम्ही थोडे आहात, भिका. बहुमताला लगाम असावा असं इतर कुणाहीपेक्षा तुला वाटलं पाहिजे.’

‘लगाम आहे हे ठीक,’ तू म्हणायचास. ‘तो कुणाच्या हातात आहे ते बघ. विधानसभेत आमच्या जागा राखीव आहेत. तुझ्या त्या परिषदेत एक तरी आहे?’

नाही. तिथे एकही नाही. मी चष्मा पुसत बसायचो.

हे भांडण राज्यकारभारापुरतं असतं तर चाललं असतं. पण आपल्या चाळीतच एक विधान परिषद होती. चाळीची सभा म्हणजे दर खोलीमागे एक मत, पुढच्या ओळीला तसंच तुमच्या मागच्या ओळीलाही. तिच्यावर पंच. पंचांना कुणी निवडत नसे. एक गेला की उरलेले दुसऱ्याला बोलावून घेत, आणि तो नेहमी पुढच्या ओळीतलाच असे. सभेत ठराव झाला की नारळ आणायचा. पंचांना पटलं तर सगळ्यांत म्हाताऱ्या पंचाने तो फोडायचा, म्हणजे ठराव लागू. पटलं नाही तर नारळ मंडळाच्या खोलीच्या दाराबाहेरच्या फळीवर ठेवायचा. ठराव मोडला असं कुणी म्हणत नसे. नारळ फळीवर आहे, एवढंच म्हणत.

त्या फळीवरचे दोन नारळ आपल्या दोघांच्या आयुष्यात आले. पहिला मी तुझ्या डोक्यात हाणायचो, दुसरा तू माझ्या.

पहिला जेठाभाईंचा. गोळीबाराचे दिवस होते. पहिल्या मजल्यावरच्या सावंतांच्या मुलाला पायाला गोळी लागली होती आणि चाळ पेटली होती. चाळीच्या तोंडाशी जेठाभाईंचं किराण्याचं दुकान. गुजराती माणूस, तीस वर्षं आपल्याला उधारीवर तांदूळ देणारा, पण त्या संध्याकाळी कुणाला तांदूळ आठवत नव्हते. सभेत ठराव आला, दुकान रिकामं करून घ्यायचं. सगळे हात वर गेले. माझाही गेला, तुझाही गेला. आणि आप्पा परबांनी, आपल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पंचांनी, नारळ हातात घेतला, थोडा वेळ कुरवाळला आणि फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तो संचारबंदी लागल्यामुळे तिकडेच अडकलो, गिरगावात बहिणीच्या बिऱ्हाडी. आठवड्याने परत आलो तेव्हा वारं फिरलेलं होतं. पुढच्या सभेत ठराव मागे घेतला गेला. जेठाभाई राहिले. मी तुला म्हटलं, ‘बघ. वरच्या सभागृहाचा उपयोग बघ.’ तू कान टवकारलेस. नळाला पाणी आलं वाटतं म्हणालास.

दुसरा नारळ तुझा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तुमच्या ओळीत घरोघरी नवी हवा आली होती. राधावहिनींनी देव्हारा काढून त्या जागी पोरांची पुस्तकं लावली, ती मला दाखवताना तुझा चेहरा काय झाला होता! पण दहा बाय दहाच्या खोलीत पुस्तक लावायला जागा मिळते, वाचायला मिळत नाही. तू सभेत ठराव आणलास. मंडळाची खोली गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर कडी लावून बंद असते, मखर आणि सतरंज्या सांभाळत. ती संध्याकाळी उघडा. चाळीतल्या सगळ्या पोरांसाठी अभ्यासवर्ग मी घेतो, फुकट. ठराव पास झाला. पुढच्या ओळीतल्या कितीतरी बायांनी हात वर केला, कारण पोरं तर त्यांचीही होती.

आणि नारळ फळीवर गेला.

का, ते कुणी सांगितलं नाही. तू आप्पांकडे गेलास, ते म्हणाले, ‘बघू.’ दिवाळीनंतर गेलास, ‘बघू.’ एका पंचाने माझ्या कानात सांगितलं की खोलीत गणपतीचं सामान असतं, आज वर्ग, उद्या ह्यांची सभा, मग परवा काय? तुझ्या तोंडावर मात्र सगळे गोड. तू मला म्हणालास, ‘नाही म्हणाले असते तर भांडलो असतो, दत्ता. बघू म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं?’ तेव्हा तुझा आवाज मी पहिल्यांदाच खचलेला ऐकला. वर्ष उलटलं. तू पोरांना जिन्याखाली बसवून शिकवत राहिलास, आणि वरून कुणी पाणी सांडलं की वह्या छातीशी धरून सगळी उठायची.

म्हणून तू दुसरा ठराव लिहिलास. पंच नकोत. फक्त तेवढंच. मी म्हटलं, पंच निवडून आणू, एक जागा मागच्या ओळीला देऊ, आणि नारळ महिनाभराच्या वर फळीवर ठेवायचा नाही असा नियम करू. परिषदेलाही विधेयक कायमचं अडवता येत नाही, काही महिने थोपवता येतं, तसंच. तू म्हणालास, ‘महिनाभर तरी का? थांबणं ज्याला परवडतं, तोच थांबायचं कौतुक करतो.’

नवं राज्य झालं त्या दिवशी सगळी चाळ गुलालात न्हाली होती. तू मला मिठी मारलीस, माझा सदरा गुलाबी केलास, आणि त्याच मिठीत कानाशी म्हणालास, ‘एका घराच्या वाटण्या झाल्या बघ. गुजरातने एकाच सभागृहात संसार मांडला. आपल्याला मात्र माळा हवाच!’ भर आनंदात तुला हेच सुचावं! मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. पुढे म्हणालास, ‘आणि गंमत माहितीय? परिषद मोडायची तर परिषदेला विचारावंच लागत नाही. विधानसभेने ठराव करायचा, दिल्लीने कायदा करायचा, झालं. घटनेत एवढी अक्कल आहे. आपल्या चाळीत पंच मोडायचे तरी नारळ पंचांनीच फोडायला हवा.’

त्यानंतर तू फार दिवस राहिला नाहीस.

तुझ्या जाण्यानंतर दोन माणसं माझ्याकडे आली. पहिले जेठाभाई. दारातच चपला काढून उभे राहिले, बसले नाहीत. ‘मास्तर गेला,’ म्हणाले, ‘तुमाला एक वात, एक गोष्ट माहीत नाय. ती सभा झाली ना, माझ्या दुकानची, दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आला. शटर अर्धा होता. बोलला, शेठ, काल माझा पण हात वरती होता. रात्रभर झोप नाय लागली. तुमी दुकान उघडा ठेवा, मी एक-एक खोलीत जाऊन बोलतो. आठ दिवस फिरला तो. बाहेर पोलीस, अंदर मास्तर.’

भिका, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. चाळीतही कुणी सांगितलं नाही, कारण ज्याच्या-त्याच्या खोलीत तू एकेकट्याशी बोललास आणि प्रत्येकाला वाटलं की शहाणपण आपल्यालाच सुचलं. एवढी वर्षं मी पंचांचा टेंभा मिरवत होतो आणि तू ऐकून घेत होतास. का? सांगितलं असतंस तर माझी बाजू पडली असती. पंचांनी नुसता नारळ ठेवला, माणसं वळवली ती तू. पण मग वाटतं, पडली असती ती तुझीच बाजू. तो नारळ फळीवर राहिला नसता तर तुला ती दुसरी सकाळ मिळालीच नसती. दुकान रात्रीतच रस्त्यावर आलं असतं आणि तुझा हात त्यात असता. मी हे उलटसुलट करून पाहतो आणि दर वेळी वेगळा माणूस जिंकतो. तुलाही तसंच होत असणार, म्हणून गप्प राहिलास. आणि एक गोष्ट अशी की तुझा मला फार अभिमान वाटला, आणि तो सांगायला तू नाहीस याचा रागही आला.

दुसरे आले आप्पा परब. काठी टेकत तीन जिने चढून आले. म्हणाले, ‘पंचात एक जागा रिकामी आसा. तू शिकलेलो, तू ये. नि भिकाजीचो नारळ तुझ्याच हातान फोड. त्याच्या नावान.’ त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, भिका. म्हातारा तुला मानत होता. जिवंतपणी खोली देण्याएवढा नाही, मेल्यावर देण्याएवढा.

माझी काय अवस्था झाली असेल याचा विचार कर. मला मतदान नाही, सभा नाही, थेट वर बोलावणं. अगदी राज्यपालांनी नाव सांगितल्यासारखं. हो म्हटलं की त्याच संध्याकाळी खोली उघडणार. नाही म्हटलं तर पोरं जिन्याखालीच. मी राधावहिनींकडे गेलो. मला वाटलं होतं त्या म्हणतील, त्यांना मेहेरबानी चालली नसती. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘घ्या की, भावजी. आपल्या पोरीची, कमळीची औंदा फायनल हाय. खोली मिळू दे आधी. मग काय ते भांडा.’

म्हणजे तू एकीकडे ओढतोयस आणि तुझी बायको दुसरीकडे. मी आप्पांना म्हटलं, सभेपर्यंत थांबा. आणि मग तुझं पाहून मी खोल्या फिरलो. तुझ्यासारखं मला जमत नाही. मी व्याख्यान देतो. दोन घरांत लोक ऐकता ऐकता पेंगले. पण फिरलो, पुढची ओळ, मागची ओळ, शेवटी आप्पांची खोली. त्यांना म्हटलं, मला पंच व्हायचं नाही, पंच निवडून येऊ देत. नारळ महिन्याच्या वर ठेवायचा नाही एवढं मान्य करा. म्हातारा काठी मांडीवर आडवी घेऊन बसला. मग म्हणाला, ‘म्हयनो पुरे रे. वरीसभर ठेवन आमी तरी काय केला?’

आज सकाळी सभा झाली. आधी तुझा ठराव होता. मांडणारा हजर नसेल तर ठराव बाद, हा आपला नियम. तुझं नाव पुकारलं गेलं. मागच्या ओळीतले लोक खाली बघत होते. मग मी उठलो. ठराव मी मांडला, भिका. पंच नकोत. तुझी सगळी वाक्यं मला पाठ होती, लगामाचं, बघूचं, थांबणं परवडण्याचं, आणि मी ती एकही न गाळता बोललो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण ते, आणि ते माझ्या विरुद्ध होतं. बोलून खाली बसलो आणि मतदानाला हात वर केला नाही. तू हसला असतास. चांगले हात वर गेले, पण पुरेसे नाहीत. तुझा ठराव पडला.

मग माझा आला. निवडलेले पंच, मागच्या ओळीला जागा, महिन्याची मुदत. तो पास झाला. आप्पांनी नवा नारळ मागवला आणि सगळ्यांसमोर फोडला. तुझ्या नारळाची मुदत तर केव्हाच उलटलेली. आम्ही सगळे मंडळाच्या खोलीकडे गेलो. मी फळीवरून तुझा नारळ काढला. हलका लागला. हलवला तर आत गोटा खुळखुळत होता. पाणी कधीच आटलं होतं.

सगळ्यांचं म्हणणं पडलं, हा वहिनींनी फोडावा. आप्पाही म्हणाले, तिचोच मान. बायांनी त्यांना पुढे आणलं. मी दोन्ही हातांनी नारळ त्यांच्यापुढे धरला, दोन शब्द बोलायचेही ठरवले होते. वहिनींनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, ‘भावजी, दीक्षा घेतल्यापास्नं आम्ही नारळ फोडायचा सोडला नाय काय. विसरलात?’

विसरलो होतो, भिका. मी विसरलो, आप्पा विसरले, अख्खी चाळ विसरली. तुझ्या ओळीसाठी खोली उघडायला निघालो, आणि तुझी ओळ काय मानते, काय मानत नाही, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मी तसाच उभा, हात पुढे केलेले, त्यात नारळ. वहिनी माझ्या बाजूने पुढे गेल्या, कडी काढली, आत गेल्या आणि मखराजवळची सतरंजी ओढून जमिनीवर पसरली. ‘चला रे,’ म्हणाल्या, आणि पोरं आत घुसली.

झालं. नारळ फुटलाच नाही. कुणाला काही झालं नाही. आप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि खिडकी उघडून दिली.

तो नारळ आता माझ्यासमोर टेबलावर आहे. फळीवर परत ठेवता येत नाही आणि फोडायचा अधिकार कुणाचा ते मला कळत नाही. खालून पोरांचा आवाज येतोय, कमळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवतेय. वर्ग माझ्याकडे दिलाय, मला खाली जायला हवं. पुढच्या वेळी ठाकूरद्वारला माझं दुसरं मत द्यायला जाईन तेव्हा रसाच्या दुकानापाशी कुणी नसेल, आणि शिक्षकांच्या सभेत प्राथमिकवाल्यांच्या मताचं मी बोलेन, हे तुला कबूल करतो. पण परिषद असावी, अजूनही म्हणतो. सुधारलेली, पण असावी. तुझा ठराव पडला, माझा पास झाला. आणि तरी खोली जी उघडली, ती वर बसलेल्या कुणाला विचारून उघडली नाही. तुझ्या बायकोने कडी काढली आणि उघडली. यावर तू आत्ता पायरीवर बसून काय म्हणाला असतास ते मला शब्दन् शब्द माहीत आहे, आणि त्याला माझ्याकडे

थांब. नळाला पाणी आलं वाटतं.